सोंग उतरवता आलं पाहिजे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मुलं, मोबाईल आणि गेम’. मी संगणकावर डिझाइनचं काम करतो, तेव्हा मला यातलं कळत असणार, असा त्यांचा समज. कळतं खरं, पण कारण वेगळं आहे. मी स्वतः जवळजवळ वीस वर्षं ऑनलाइन गेम खेळतोय. आजही खेळतो. त्यामुळे मला तज्ज्ञाच्या खुर्चीत बसवू नका. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर माझी तक्रार नाही.

म्हणून आधी कबुलीजबाब देतो. डिसेंबर २००९ मध्ये आपल्या बॅचचा पहिला मेळावा याच मैदानावर झाला. मी आलो नव्हतो. ‘कामाचा व्याप आहे’ असं फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्या शनिवारी रात्रीची गाडी सोडून मी पुण्यात माझ्या खोलीत मॅकसमोर बसलो होतो आणि चोवीस परदेशी माणसांबरोबर एका बर्फाच्या किल्ल्यावर चढाई करत होतो.

हसा, हसण्यासारखंच आहे ते. पण त्या मेळाव्याला आपले गणिताचे सर आले होते. त्यांनी हजेरी घेतल्यासारखी एकेकाची चौकशी केली, माझीही केली. पुढच्या मेळाव्यापर्यंत सर राहिले नाहीत. किल्ल्यावर त्या रात्री काय मिळालं होतं ते आज मला आठवतसुद्धा नाही. सरांनी विचारलं होतं, हे मात्र मी विसरलेलो नाही.

आता हा गेम म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. समोर बसलेल्या अनेकांना वाटत असेल, बंदूक घेऊन ठो-ठो करणं. तसले गेम वेगळे. मी खेळतो त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सोंग घेणं. आपल्या गावाकडे भारुडात लोक सोंग घ्यायचे. दिवसा किराणा दुकानात बसणारा माणूस रात्री जोगवा मागायला उभा राहिला, की लोक त्याला ओळखूनही ओळखायचे नाहीत. हे तसंच आहे. तुम्ही एक पात्र घेता, त्याला नाव देता, आणि एका काल्पनिक मुलुखात शिरता. तिथं तुमच्यासारखीच हजारो खरी माणसं आपापली सोंगं घेऊन फिरत असतात. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी असा पहिला खेळ लिहायला घेतला. त्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द. ‘उत्तरेकडे जा’ असं टाइप करायचं आणि पुढचं वर्णन वाचायचं. चित्रं, आवाज, डोंगर, नद्या हे सगळं नंतर आलं.

मी या मुलुखात शिरलो तो मॅकमुळे. २००६ साली जाहिरातींच्या डिझाइनसाठी मी हप्त्यांवर पांढरा आयमॅक घेतला. आपल्या भागात तेव्हा मॅक फारसा कुणी पाहिलेला नव्हता. आजही फार घरांत नाही. काम उत्तम व्हायचं, पण खेळायला म्हणाल तर काही नाही. दुकानात गेमच्या डब्यांनी कपाटं भरलेली असायची आणि जवळजवळ प्रत्येक डब्यावर ‘विंडोजसाठी’ लिहिलेलं असायचं. त्याचं कारण साधं आहे. गेममधलं चित्र पडद्यावर रंगवण्याची विंडोजची रीत वेगळी आणि मॅकची वेगळी. मॅकसाठी गेम काढायचा तर कंपनीला बराच भाग नव्याने बांधावा लागतो. गिऱ्हाईक थोडं आणि खर्च मोठा, तेव्हा बहुतेक कंपन्या त्या वाटेला जातच नाहीत.

अपवाद होता ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझार्ड कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये काढला, तोच मुळी मॅक आणि विंडोज दोन्हींसाठी एकाच वेळी. डबा एकच, सर्व्हर तेच. परदेशातून येणाऱ्या एका मित्राकरवी मी तो मागवला. महिन्याची वर्गणी साधारण तेरा युरो. भारतासाठी वेगळा सर्व्हर नव्हता, म्हणून युरोपातल्या सर्व्हरवर खातं उघडलं. मी पुण्यात बटण दाबलं, की ते तिकडे पोचून परत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जायचा. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण समोर राक्षसाने तलवार उगारलेली असताना तेवढा वेळ फार असतो.

या उशिरामुळेच मला माझं सोंग सापडलं. अशा खेळात साधारण तीन प्रकारची माणसं लागतात. एक पुढे उभं राहून मार खाणारा. दुसरे मारा करणारे. आणि तिसरे मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरणारे, त्यांना हीलर म्हणतात. पुढे उभं राहणं मला जमेना, माझी ढाल नेहमी उशिरा वर व्हायची. मग मी हीलर झालो. घाव बसल्यावर औषध देऊन भागत नाही, हे मी तिथं शिकलो. कुणाला घाव बसणार आहे, हे आधी ओळखून हात हलवावा लागतो. पंचवीस जणांकडे एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं. कुणी दमलंय का, कुणी चिडलंय का, नव्या पोराला वाट कळली नाही का, सगळं.

त्याच सुमारास माझे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले होते. गावातल्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर वीणा धरली. एका रात्री ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“काय करायलास रे एवढ्या रात्री?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्याच्यात वीणा कुणाकडं हाय?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग मी पुढे उभा असलेला जर्मन गडी दाखवला.

“आन् तू?”

“मी मागं. सगळ्यांना सांभाळतो.”

“मंग तू टाळकरी. टाळकऱ्याचा ठेका चुकला तर ईणेकऱ्यानं काय करावं?” एवढं बोलून ते परत झोपायला निघाले. दारात थांबून म्हणाले, “पन भजन उठलं की टाळ खाली ठेवावा लागतो बाबा.”

मित्रांनो, मला टाळ खाली ठेवता आला नाही. युरोपात रात्रीचे आठ, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. तिथून तीन-साडेतीनपर्यंत. आठवड्यातून दोन रात्री ठरल्या होत्या, त्या चार झाल्या, मग पाच. सकाळी काम करताना डोळे मिटायचे. घरच्यांचे फोन ‘नंतर करतो’ म्हणून ठेवून दिले. शेवटी तो मेळावा चुकवला. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. चोवीस माणसं आपल्यावर अवलंबून आहेत, हा मोठेपणा मला सोडवत नव्हता. इथं डिझाइनच्या ऑफिसात माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, तिथं अडत होतं. मुलं गेममध्ये का अडकतात असं मला कुणी विचारलं, की मी हेच सांगतो. तिथं त्यांच्यावाचून कुणाचं तरी अडतं.

मी बाहेर कसा आलो, त्याला थोडा मॅकचाही हातभार लागला. तो भाग ऐकण्यासारखा आहे.

‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा असाच एक गेम १९९९ मध्ये विंडोजवर आला. २००३ साली त्याची मॅकसाठी वेगळी आवृत्ती निघाली. विंडोजवाल्यांना अनेक सर्व्हर होते. मॅकवाल्यांना एकच, त्याचं नाव अल-काबोर. विंडोजच्या मुलुखांशी त्याचा रस्ता जोडलेला नव्हता. तिकडे दर काही महिन्यांनी नवे प्रदेश उघडत गेले. अल-काबोर मात्र २००२ पर्यंतच्या नकाशावरच थांबलं. धरणाच्या पलीकडे राहिलेल्या वाडीसारखं. नवीन रस्ता नाही, नवीन दुकान नाही. तरी माणसं रोज संध्याकाळी तिथं जमत राहिली. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने ते बंद करायचं जाहीर केलं. खेळणाऱ्यांनी पत्रं लिहिली, विनवण्या केल्या, आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. वर्गणीसुद्धा माफ केली. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये शेवटी कुलूप लागलंच. त्यानंतर त्या लोकांनी आपल्या खटपटीने तोच मुलूख, त्याच जुन्या नकाशासह, पुन्हा उभा केला.

मी स्वतः तिथं कधी खेळलो नाही. पण ही हकिगत वाचली तेव्हा मला आपली शाळा आठवली. आपल्या वेळी एकेका वर्गाच्या दोन-दोन तुकड्या होत्या. आज पट किती खाली आलाय, ते मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितलं. कंपनीला तो सर्व्हर नुसता खर्च वाटत होता, आणि त्या माणसांना ते आपलं गाव वाटत होतं. ते लढले ते एकमेकांसाठी. मी त्या बर्फाच्या किल्ल्यासाठी माझं खरं गाव चुकवलं होतं, हे तेव्हा नीट टोचलं.

मॅकवर खेळणाऱ्याला ही टोचणी वरचेवर मिळते, कारण त्याच्या पायाखालची जमीन सारखी बदलत असते. २००६ मध्ये ॲपलने प्रोसेसर बदलला. जुने प्रोग्रॅम काही वर्षं दुभाष्याच्या मदतीने चालले, मग २०११ मध्ये तो दुभाषा काढून घेतला. २०१९ मध्ये कॅटालिना आलं आणि ३२-बिटचे सगळे जुने प्रोग्रॅम एका रात्रीत उघडेनासे झाले. ज्यांनी न वाचता अपडेटचं बटण दाबलं, त्यांचे पैसे मोजून घेतलेले गेम तिथंच संपले. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप आणली आणि मॅकवर विंडोज बसवून खेळायची बूट कॅम्पची सोय नव्या यंत्रांतून गेली. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ची मॅक आवृत्ती २०१५ साली आली, ती इतकी अडखळत चालायची की कंपनीने काही दिवसांतच विक्री थांबवली, माफी मागितली आणि पैसे परत देऊ केले. उलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने एम-१ बाजारात आला त्याच आठवड्यात त्याच्यासाठी नवी आवृत्ती तयार ठेवली होती. तेव्हा कुणाच्या घरी मॅक असेल आणि पोरगा गेमसाठी हट्ट धरत असेल, तर एवढंच करा. पैसे भरण्याआधी गेम मॅकवर आणि तुमच्याकडच्या चिपवर चालतो का, ते कंपनीच्याच पानावर बघा, आणि मॅकचा मोठा अपडेट घेण्याआधी पुन्हा एकदा बघा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काल रात्री जेवताना आपल्यातल्याच एकाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, “पोरगा रात्र-रात्र गेम खेळतोय. मी वायफाय बंद केलं तर त्यानं ताट फेकून दिलं. काय करू?” त्याला मी सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. तुमच्या मुलांकडे मॅक नसेल, मोबाईल असेल. गोष्ट तीच आहे.

पहिलं, वेळेचं. हे गेम मधेच थांबवता येत नाहीत. तुमचा मुलगा उठला तर बाकीच्यांचा डाव मोडतो. कबड्डी ऐन रंगात आली असताना एका गड्याला कान धरून बाहेर काढल्यासारखं ते आहे. म्हणून मधे वायर ओढू नका. सुरू करण्याआधी ठरवा. एक डाव किती वेळाचा असतो ते त्यालाच विचारा, त्याप्रमाणे उठायची वेळ बांधा, आणि ती मात्र पाळायला लावा. मॅकमध्ये आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ नावाची सोय आहे, बाकीच्या फोनांतही तशी आहे. पण आधी बोलणं, मग कुलूप. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला आहे, आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. त्यात किती तास खेळलं याचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि असं साधारण वर्षभर चालतं, अशी ती लक्षणं आहेत. माझी तीन तरी जुळत होती. तुमच्या मुलाची जुळत असतील तर डॉक्टरकडे न्यायला लाजू नका.

दुसरं, संगतीचं. तो कुणाबरोबर खेळतो ते विचारा. त्याच्या शेजारी बसून विचारा, माझ्या वडिलांनी विचारलं तसं. नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा एक तरुण होता. स्नायू झिजत जाण्याचा आजार त्याला जन्मापासून होता, तो चाकाच्या खुर्चीत असायचा. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकटाच राहिला, एकटाच गेला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रं यायला लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो इबेलिन नावाने वावरायचा. तिथं कुणाला त्याने नैराश्यातून बाहेर काढलं होतं, कुणाचं मुलाशी तुटलेलं बोलणं जुळवून दिलं होतं. त्यातले काही जण अंत्यविधीलाही आले. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. त्याच्या आईवडिलांना हे सगळं तो गेल्यावर कळलं. आपल्याला आधी कळायला काय हरकत आहे? आणि संगत वाईट असेल, तर तेही शेजारी बसल्याशिवाय कळणार नाही.

तिसरं, पैशाचं. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या विषयात याहून मोठं शहाणपण मला सापडलेलं नाही. रोल-प्लेइंगमध्ये तुम्ही हरलात तर सोंग हरतं, तुम्ही घरी सुखरूप असता. ज्या गेममध्ये पैसे लावायचे आणि जास्त पैसे मिळण्याची आशा धरायची, तो जुगार आहे, मग त्यात कुठल्या का नटाची जाहिरात असेना. सोयाबीनचे पैसे खात्यावर आले आणि आठवड्यात रमीत गेले, हे या मांडवातल्या कित्येकांनी आपल्या आसपास पाहिलंय. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा मंजूर करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी आणली. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, फसलेल्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून कुणी अडकला असेल तर घाबरून लपवू नका, बोला. गेम खेळायची ठरावीक वर्गणी या बंदीत येत नाही. पण मुलांच्या गेममध्येही तलवारी, पोशाख, नशिबाची पेटी असलं विकायला असतं. तेव्हा आपलं कार्ड आणि यूपीआयचा पिन मुलाच्या हाती देऊ नका.

मी आता आठवड्यातून एकच रात्र खेळतो, तीही साडेअकराला बंद. तीन-साडेतीनपर्यंत चालणारी ती मोठी चढाई मला आता झेपत नाही आणि नकोही आहे. मात्र जुन्या पंचवीसपैकी चौघे अजून आहेत. आमची वयं पन्नाशीकडे चालली आहेत. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकीची मुलगी कॉलेजात गेली. या आठवड्यात त्यांना लिहिलं, शनिवारी मी नाही, माझ्या शाळेचा मेळावा आहे. त्या जर्मन गड्याने उत्तर पाठवलं, “मग तिथला फोटो पाठव. आम्ही इथं वाट बघतो.” तेव्हा भाषणं संपल्यावर सगळ्यांनी जरा फळ्यासमोर जमा. सरांची खुर्ची मधे ठेवू आणि फोटो काढू.

तीस वर्षांनी का होईना, माझी हजेरी लावून घ्या.